दाजींची मासेमारी

मास्तर गळाची काठी घेऊन दाजींच्या दारात उभे राहिले, तेव्हा दाजी रोजच्यासारखे टाकीसमोर बसले होते. टाकीत मासे नव्हते. नुसतं पाणी होतं, तळाशी थोडे रंगीत खडे होते, आणि हवेचे बुडबुडे सोडणारं ते छोटं यंत्र मात्र इमानेइतबारे चालू होतं. मासे दाजींच्या बायकोच्या, ताईच्या, मागोमाग गेले. ताई गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक माणूस जाता जाता "बिचारे उपाशी असतील" म्हणून टाकीत चिमूटभर खाऊ टाकायचा, आणि सांत्वनाच्या या माऱ्यात ते बिचारे खाऊन खाऊन मेले. दुःखाच्या घरात कुणी किती खाऊ घालावं याला धरबंध नसतो. माणसांना निदान "पुरे" म्हणता येतं.

"दाजी, ओळखा पाहू हे काय आहे?" मास्तरांनी काठी उंच धरून विचारलं.

दाजींनी काठीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा टाकीकडे पाहिलं.

"बरोबर!" मास्तर म्हणाले. "गळ!"

ही मास्तरांची जुनी सवय. सगळी हयात त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं आणि सगळी हयात प्रश्न विचारले. पण ज्याचं उत्तर आपल्या खिशात नाही असा प्रश्न त्यांनी सहसा कुणाला विचारला नाही. वर्गात तसं चालतं. किंबहुना वर्गात तसंच चालतं. घरी चालत नाही, असं मास्तरीणबाईंचं मत होतं, पण ते मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं.

ताई मास्तरांची थोरली बहीण. मास्तर पहिल्या मजल्यावर, ताई आणि दाजी तळमजल्यावर, अशी दोन्ही घरं एकाच जिन्यानं बांधलेली. दवाखान्यात शेवटी शेवटी ताईनं भावाचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, "ह्यांच्याशी बोलत जा रे. नाहीतर हे बोलणंच विसरतील." मास्तरांनी ती आज्ञा शिरसावंद्य मानली. रोज संध्याकाळी ते खाली यायचे, टाकीला लागून स्टूल ओढायचे, दाजींकडे तोंड करून बसायचे आणि बोलायचे. देवमासा मासा का नाही, लोखंड का गंजतं, शनीला कडी कशी आली. दाजी मान एका बाजूला कलती करून ऐकत. "इतके रंगतात की मान वाकडी होते त्यांची," मास्तर जिन्यात भेटेल त्याला सांगत. पण का कोण जाणे, मास्तरांचं बोलणं जसं वाढलं तसं दाजींचं आटत गेलं. आधी दोन वाक्यं होती, मग एक झालं, आणि हल्ली नुसतं "हं" उरलं होतं.

हे "हं" फोनवरून भाचीपर्यंत पोचलं आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली. भाची दूर, मोठ्या शहरात, उंच इमारतीत राहते. तिनं मामाला फोन केला.

"मामा, बाबा माझ्याशी नुसतं हं म्हणतात. मी काय खाल्लंत विचारलं, तरी हं. मी येते आणि त्यांना घेऊन जाते. घराला कुलूप लावू."

"अगं, ते अगदी मजेत आहेत!"

"मजेत आहेत ना? मग त्यांचा हसतानाचा एक फोटो पाठव. एकच. तो आला की मी कुलपाचं नाव काढणार नाही."

मास्तरांनी फोन ठेवला. दाजी गेले की खालच्या दाराला कुलूप. ताईला दिलेल्या शब्दाला कुलूप. आणि संध्याकाळी उतरायला जिना राहील, पण जिन्याखाली कुणी राहणार नाही.

त्यांनी आधी घरगुती उपाय केले. विनोद सांगितले. मास्तरांचे विनोद शाळेत उत्तम चालत असत, कारण तिथे न हसणाऱ्याला बाकावर उभं करायची सोय होती. दाजींना बाकावर उभं करणं शक्य नव्हतं. एक तर ते थोरल्या बहिणीचे यजमान, शिवाय त्यांचे गुडघे दुखतात. तेव्हा मास्तरांनी डोकं लढवलं. दाजी तासन् तास टाकीकडे बघतात. म्हणजे दाजींना मासे आवडतात. टाकीत मासे नाहीत, म्हणून दाजी उदास आहेत. तर मग दाजींना मासे असतील तिथे न्यावं. तळ्याकाठी मुक्काम करावा, त्यांच्या हातात गळ द्यावा, मासा लागला की ते हसतील, आणि हसले की फोटो. गणित सुटलं. उत्तराखाली दोन रेघा मारायच्या तेवढ्या बाकी राहिल्या.

"मासे आवडतात म्हणून मासे मारायला नेताय त्यांना?" मास्तरीणबाईंनी हातातलं काम थांबवून विचारलं. "मला फुलं आवडतात. उद्या माझ्यासाठी कोयता घेऊन या."

"अगं, मारायचे नाहीत. पकडायचे आणि सोडून द्यायचे. फोटोपुरते."

"आणि दाजींना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? दिसतंच आहे ते."

मास्तरीणबाई पुन्हा कामाला लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही वाद बाई जिंकत नाही, नुसते जपून ठेवते.

तळं सुचवलं औषधवाल्यांनी. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे हे मालक. स्वभावानं उमदे, पण कुठल्याही आजारावर आधी स्वतःचा आजार सांगणारे. डोंगरापलीकडे पाटबंधारे खात्याचं एक तळं आहे, काठावर खात्याची लाकडी केबिन आहे, दोन खाटा आणि चूल आहे. "अहो मास्तर, पाणी कसलं ते! पाय टाकला की मासा अंगठ्याला चाटतो. मी तरुणपणी गेलो होतो. तेव्हाच माझं पित्त सुरू झालं." आपली मालवाहू गाडी घेऊन आपणच न्यायचं, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

बातमी जिन्यावरून वर चढली आणि गच्चीला लागून परत खाली आली. दुसऱ्या मजल्यावरच्या विमेवाल्यांनी मास्तरांना मधल्या पायरीवर गाठलं.

"दाजींना पोहता येतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"पुस्तकी येतं," मास्तर म्हणाले. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर पाणी खालून किती जोर लावतं हे त्यांनी इतक्या पिढ्यांना शिकवलं होतं की पाणी आपल्याशी कृतघ्नपणा करील असं त्यांना वाटत नव्हतं.

विमेवाल्यांनी त्यांच्याकडे, आधीच हातचं गेलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं पाहिलं. "एक सही करून ठेवा. माझ्यासाठी नाही म्हणत मी. वहिनींसाठी."

मग परवानगी. केबिनमध्ये राहायचं तर पाटबंधारे खात्याची परवानगी, मासे धरायचे तर मत्स्य खात्याची. ही दोन्ही खाती एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यात, समोरासमोर. मत्स्य खात्यातल्या बाईंनी विचारलं, "मासे कशासाठी?"

"फोटोसाठी."

"असं काही आमच्यात नाही. खाण्यासाठी, विक्रीसाठी किंवा संशोधनासाठी."

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यातल्या त्यात प्रतिष्ठित म्हणून ते "संशोधन" म्हणाले. बाईंनी संस्थेचं पत्र मागितलं. मास्तर खाण्यावर आले. बाईंनी मुक्कामाची परवानगी आधी आणायला सांगितली. मास्तर समोर गेले. समोरच्यांनी मासेमारीची आधी आणायला सांगितली. मास्तर व्हरांड्याच्या मध्यावर उभे राहिले. वर्गात दोन पोरं एकमेकांकडे बोट दाखवून "यानं आधी मारलं" म्हणत, तेव्हा मास्तर दोघांनाही एकेक ठेवून देत. इथे तो मार्ग बंद होता.

शेवटी पाटबंधारेच्या आतल्या टेबलावरून हाक आली, "सर?"

हेडक्लार्क मास्तरांचा विद्यार्थी निघाला. आता टक्कल पडलेलं, चष्मा आलेला, पण उठून उभं राहायची पद्धत तीच.

"सर, तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. पूर्ण तासभर."

"असं? कशाबद्दल रे?"

"मी विचारलं होतं, मासे रडतात का."

मास्तर जरा गोरेमोरे झाले. आठवलं नाही, पण आपण त्याला बाकावर का चढवलं असेल ते मात्र लगेच समजलं. "मग... मिळालं का उत्तर पुढे?"

"नाही सर. तेव्हापासून मी नको ते विचारत नाही, आणि कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून तर खात्यात टिकलो." त्यानं अदबीनं दोन्ही कागदांवर दोन शिक्के मारले, समोरच्या बाईंची सहीही स्वतः जाऊन आणली आणि मास्तरांना व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचवलं. "काही अडलं तर फोन करा, सर." मास्तरांचा ऊर भरून आला. एखादा विद्यार्थी असा निघतो, म्हणून माणूस फळ्याची धूळ खातो.

आता सराव. दाजींसारख्या माणसाला एकदम काठावर नेऊन हातात गळ देणं शैक्षणिकदृष्ट्या योग्य नव्हतं. मास्तरांनी खालच्या खोलीत भिंतीला कागद लावला, त्यावर माशाची आकृती काढली, कल्ले निळ्या रंगानं दाखवले. दाजी मान कलती करून ऐकत होते. कागद नेमका टाकीच्या वर लावला होता, आणि तो दाखवताना मास्तरांना टाकीसमोरच उभं राहावं लागत होतं, म्हणून त्या दिवशी दाजींची मान जास्तच कलली. "बघ," मास्तर बायकोला म्हणाले, "किती गोडी लागली!"

प्रात्यक्षिक गच्चीवर झालं. गळ लांब फेकायला मनगटाचा झटका लागतो, दंडाचा नव्हे. हे मास्तरांनी दाजींना तीनतीनदा समजावलं आणि मग दंडानं झटका दिला. दोरी सुंदर वळण घेऊन गेली. ती पाण्यात पडली असती तर बघणाऱ्यानं वाहवा केली असती. ती पडली दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, आणि गळ लागला तो विमेवाल्यांच्या वाळत घातलेल्या पॅन्टला. काहीतरी लागलं की ओढायचं, हे मास्तरांनी नुकतंच शिकवलं होतं. त्यांनी ओढलं.

पॅन्ट वर आली तेव्हा तिच्या एका पायात एकाऐवजी दोन मार्ग झाले होते. खालून विमेवाले ओरडले, "मास्तर! ती उद्याच्या मीटिंगची होती!"

"विमा नव्हता का तिचा?" मास्तरीणबाईंनी खिडकीतून विचारलं.

सगळा जिना हसला. कपडे गोळा करायला आलेली बाई कठड्याला धरून हसली. हसले नाहीत ते दोघंच. मास्तर, कारण भर जिन्यात त्यांची पत गेली होती, आणि दाजी. दाजींनी फक्त पुढे होऊन पॅन्टमधून गळ हळूच सोडवला, बोटाला टोचू न देता, आणि पॅन्टची घडी घातली. पायाला पाय जुळवून, नीट. मास्तरांच्या मनात आलं, ही घडी ताईच्या पद्धतीची आहे. दाजींनी कपड्यांच्या घड्या कधीपासून घालायला घेतल्या, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

गांडुळांचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण मास्तरीणबाईंनी ते आजही थोडक्यात माफ केलेलं नाही. मास्तरांनी कुंड्या उकरून आमिषासाठी गांडुळं जमवली, ओल्या मातीत घातली आणि हवेसाठी झाकणाला भोकं पाडून तो डबा गार जागी ठेवला. गार जागा म्हणजे ओट्याखाली, आणि डबा म्हणजे चहाच्या डब्याचा जुळा भाऊ. सकाळी बाईंनी चहाचं आधण ठेवलं, अर्धवट झोपेत डबा उघडला, चमचा घातला. पुढे काय झालं ते विमेवाल्यांनी दुसऱ्या मजल्यावर ऐकलं. त्या दिवशी मास्तरांनी चहा बाहेर प्यायला. दुसऱ्या दिवशीही.

अखेर जायचा दिवस उजाडला. म्हणजे उजाडला असं म्हणायचं. आभाळ मळक्या फडक्यासारखं होतं. औषधवाल्यांची गाडी दारात आली. पुढे ते आणि दाजी, आणि मागे खोक्यांमध्ये मास्तर. काठी आत मावेना, म्हणून ती खिडकीतून बाहेर काढली होती. दाजींना मास्तरीणबाईंनी स्वतः दाराबाहेर आणलं. दाजी उंबऱ्यात थांबले, मागे वळून खोलीत बघून घेतलं, आणि टाकीचं यंत्र चालू आहे याची खात्री करून मगच निघाले.

"माशांची आठवण येतेय त्यांना," मास्तर कुजबुजले.

"मासे मेलेत," बाई म्हणाल्या. "जपून जा. आणि तुम्ही जरा कमी बोला."

घाटाच्या पायथ्याशी काठी एका झाडाच्या फांदीला अडकली. झाड हललं नाही. मास्तरांच्या हातात मुठीएवढा तुकडा राहिला. "हरकत नाही," ते मागून ओरडले, "पूर्वीची माणसं नुसत्या दोरीनं धरत!" घाटात औषधवाल्यांचं पित्त उसळलं. खोक्यांमधली खोकल्याच्या औषधाची एक बाटली फुटली आणि औषध मास्तरांच्या सदऱ्यातून आत झिरपलं. चिकट आणि गोड झालेले मास्तर तरीही मासा पाण्यातली हवा कशी घेतो ते सांगत राहिले. दाजी काचेतून बाहेर बघत होते. दाजींनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हे मास्तरांना खोक्यांमुळे दिसलं नाही.

शेवटचा चढ चढून गाडी थांबली. सगळे उतरले.

केबिन होती. अगदी ऐकलं होतं तशी. लाकडी, पुढे ओटा, ओट्याला उतरत्या पायऱ्या, पायऱ्यांच्या शेवटी होडी बांधायचा खांब. खांबाला होडीही होती. ती चिखलात एका कुशीवर पडली होती. आणि तिच्यापुढे, जिथवर नजर जाईल तिथवर, भेगा पडलेला राखाडी गाळ होता. मधोमध पाण्याचं एक डबकं चकाकत होतं, आणि त्यात एक बगळा, बाजार उठून गेल्यावर आलेल्या माणसासारखा उभा होता.

मास्तरही बोलले नाहीत, यावरून काय ते समजावं.

"मी आलो होतो तेव्हा पाणी होतं," औषधवाले म्हणाले, जणू त्यांच्यावरच आळ आला होता.

मास्तरांनी हेडक्लार्कला फोन लावला. "अरे, तळ्यात पाणी नाही!"

"हो सर. बंधाऱ्याच्या दरवाज्याची दुरुस्ती काढलीय. आम्हीच सोडलं ना पाणी."

"मग तू मला मासेमारीचा परवाना दिलास कसा?"

"तुम्ही परवाना मागितलात, सर." पलीकडचा आवाज अगदी अदबशीर होता. "पाणी आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत."

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. हेडक्लार्कचं उत्तर बरोबर होतं. पूर्ण गुण देण्यासारखं.

पण माणूस हरल्यावर लगेच थांबत नाही. तो आणखी थोडा पुढे जातो आणि मग थांबतो. "त्या डबक्यात असतील," मास्तर म्हणाले. "दाजी, या!" त्यांनी दोरीचं भेंडोळं उचललं, पायऱ्या उतरले आणि गाळावर पाय ठेवला. गाळानं पहिली चार पावलं सौजन्य दाखवलं. पाचव्याला तो मास्तरांना घोट्यापर्यंत गिळून बसला, सहाव्याला पिंढरीपर्यंत. मागोमाग दाजी आले होते. मास्तर बोलावतात म्हटल्यावर येणं त्यांना भाग होतं. मेहुण्याचा मान मेहुण्याइतकाच चिवट असतो. दाजींनी मास्तरांना हात दिला. दाजींचा बूट गाळात राहिला आणि पाय वर आला. दोघं एकमेकांना धरून, कुणी कुणाला सावरलंय ते न कळता, कसेबसे कलंडलेल्या होडीच्या कडेवर जाऊन बसले.

मास्तरांच्या अंगाला खोकल्याच्या औषधाचा वास येत होता. त्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत राखाडी झाली होती. त्यांनी दाजींच्या चिखलानं भरलेल्या मोज्याकडे पाहिलं.

"दाजी, माफ करा," ते म्हणाले. "तुम्हाला एक मासा दाखवता आला नाही मला. इतके दिवस टाकीकडे बघत बसता तुम्ही. मला वाटलं, एक मासा..."

पुढचं वाक्य आलं नाही. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच मास्तरांच्या बोलण्यात अशी फट पडली होती. दाजींनी ती पाहिली, जरा वाट पाहिली, आणि कुणी येत नाही ना हे बघून दार ढकलावं तसे हळूच बोलले.

"मी माशांकडे बघत नव्हतो, मास्तर."

"अं?"

"त्या काचेत स्वयंपाकघराचं दार दिसतं. माझ्या पाठीमागचं. ती चहा घेऊन यायची ना, तर आधी काचेत दिसायची. मी वळायचो नाही. तिला वाटायचं मला कळलंच नाही. मागून येऊन दचकवायची." दाजींचा आवाज वापरात नसल्यामुळे खरखरत होता. "मी दचकायचो. रोज. मुद्दाम."

बगळ्यानं एक पाय बदलला.

"मासे," दाजी म्हणाले, "उगाच मधे यायचे."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे स्टूल आलं. टाकीला लागून ओढलेलं त्यांचं स्वतःचं स्टूल. भिंतीवरचा माशाचा कागद आला, आणि त्याच्यापुढे उभे राहिलेले ते स्वतः. आणि कलती मान. रोज संध्याकाळी, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघायला धडपडणारी ती मान.

मग त्यांनी दाजींना पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर त्यांच्या खिशात नव्हतं, आणि म्हणून विचारताना त्यांचा आवाज पहिल्या बाकावरच्या पोरासारखा झाला.

"दाजी, लेक तुम्हाला न्यायला येणार म्हणते. घराला कुलूप लावू म्हणते. तुम्हाला... जायचंय का?"

दाजींनी गाळाकडे पाहिलं. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

"मी विचारतोय."

"जाईन की. पोर प्रेमानं बोलावते." दाजींनी बूट नसलेला पाय दुसऱ्या पायावर घेतला. "टाकी नेता येईल. चार हमाल मिळून उचलतील. पण दार कसं नेणार, मास्तर?"

ओट्यावरून औषधवाल्यांनी त्याच क्षणी फोटो काढला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की फोटो काढायचाय, आणि ते आपलं काम चोख करणारे गृहस्थ होते.

तो फोटो मास्तरांनी घरी येऊन भाचीला पाठवला. दुसरा नव्हताच. त्यात मागे चिखल, खाली होडीची कड, एक बूट नसलेले दाजी तोंड उघडून बसलेले, आणि शेजारी मास्तर तोंड मिटून. भाचीचा फोन आला.

"मामा, हे काय? तुम्ही कुठे पडलात? आणि बाबा यात हसत नाहीयेत."

"नाही."

"मग? मी हसतानाचा मागितला होता."

"ते बोलतायत," मास्तर म्हणाले.

तिकडून मग अगदी लहान आवाजात, "काय बोलतायत?"

"ते तू त्यांनाच विचार," मास्तर म्हणाले, आणि फोन घेऊन खाली गेले, आणि दाजींच्या हातात देऊन बाहेर जिन्यात येऊन बसले. आत दाजी बोलत होते. मधे थांबत होते, पुन्हा बोलत होते. मास्तरांना शब्द ऐकू येत नव्हते, आणि ऐकायला ते पुढेही सरकले नाहीत. बऱ्याच वेळानं दाजींनी दारातून फोन परत दिला. डोळे लाल होते. "ती येतेय," एवढंच म्हणाले. "कुलूप घेऊन नाही. राहायला येतेय थोडे दिवस. मग बघू म्हणाली."

"मग बघू" म्हणजे काय, ते मास्तरांनी विचारलं नाही. या वेळी विचारलं नाही ते मात्र सवयीनं नव्हे, भीतीनं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर खाली उतरले. हात सवयीनं स्टुलाकडे गेला, स्टूल सवयीनं टाकीपाशी गेलं, आणि मास्तर बसणार एवढ्यात दाजी म्हणाले,

"मास्तर, जरा सरका. दार झाकलं जातंय."

मास्तर दचकून उठले. त्यांनी स्टूल उचलून दाजींच्या शेजारी आणलं, दाजी बघत होते त्याच दिशेला तोंड करून मांडलं, आणि बसले. काचेत खरंच दार दिसत होतं. जरा वाकडं, जरा हिरवट, मधून मधून बुडबुड्यांनी हलणारं, पण स्वच्छ. उजेड काचेवर ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो, म्हणून हे असं दिसतं. हा फार सुंदर नियम आहे, आणि तो समजावून सांगायला मास्तरांना आयुष्यात याहून चांगलं उदाहरण मिळणार नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

"आत्ता नको," दाजी म्हणाले.

मास्तरांनी तोंड मिटलं. यंत्र बुडबुडे सोडत राहिलं. दारातून कुणी आलं नाही. तरी दोघं बघत बसले.